मामाचा ताप, लेप्टो आणि टिंबानंतरचा नऊ

मी मेडिकल कोडिंगमध्ये आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पायथॉन का जावा? आमच्या आजीने तर सोसायटीत सांगून ठेवलंय की नात कॉम्प्युटरवर औषधं बनवते. अमेरिकेतल्या पेशंटचे कागद, म्हणजे चार्ट, वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला नंबर, म्हणजे कोड, लावायचा एवढंच माझं काम, पण मी आता समजावत बसत नाही. पण मागच्या पावसाळ्यात मामाला ताप आला आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दर चार दिवसांनी कोणीतरी विचारतंच, अगं ते कागदावर आर५०.९ काय लिहिलंय, लेप्टो होता ना मग लेप्टो का नाही लिहिलं, म्हणून एकदाच सगळं बसून लिहून टाकते.

तर झालं असं. मामाचं शेत कुडाळजवळ. जुलैत लावणी चालू, गुडघाभर चिखल, पायात काही नाही, आणि टाचेला भेगा तर शेतात राबणाऱ्या कोणाला नसतात. लावणी आटपून आठेक दिवस झाले असतील, मामाला थंडी वाजून ताप. दोन दिवस पॅरासिटामॉल घेऊन काढले. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायची वेळ आली, आणि डोळे असे लाल की शेजारचे तात्या म्हणाले काय रे, काल जास्त झाली काय. चिपडं नाहीत, पाणी गळत नाही, नुसते लालभडक. मामीने मग कोणाचं ऐकलं नाही, गाडी करून सरळ ॲडमिट केलं. प्लेटलेट्स ६२ हजार, लघवी कमी. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, डोळे बघितले, शेतात होता का विचारलं आणि रिपोर्टची वाट न बघता पहिल्याच दिवशी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, धरून इंजेक्शन चालू केलं. सहा दिवसांनी माणूस चालत घरी आला. डॉक्टरांबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

फक्त डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘एक्यूट फेब्राइल इलनेस विथ थ्रोम्बोसायटोपेनिया, ? लेप्टो’, म्हणजे अचानक आलेला ताप, सोबत प्लेटलेट्स कमी, आणि लेप्टोचा संशय. ते प्रश्नचिन्ह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या मुलाने क्लेमच्या फॉर्मवर दोन कोड टाकले, आर५०.९ आणि डी६९.६. आणि पंधरा दिवसांनी क्लेमवाल्यांची क्वेरी आली की साध्या तापाला सहा दिवस ॲडमिट कशाला केलं?

मामा भडकला. पण कागद बघितलात तर क्वेरी काढणाऱ्याने नवीन काही बनवलेलं नव्हतं. आर५०.९ म्हणजे ताप, कसला ते नमूद नाही. डी६९.६ म्हणजे प्लेटलेट्स कमी, कशामुळे ते नमूद नाही. कागदावरचा मामा म्हणजे ताप आलेला आणि प्लेटलेट्स उतरलेला एक माणूस, बस. चिखल नाही, उंदीर नाही, पोटऱ्या नाहीत.

हे कोड येतात आयसीडीमधून, इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस. जगातल्या यच्चयावत आजारांना दिलेले नंबर. पिन कोडसारखं समजा. पिनचा पहिला आकडा ४ दिसला की पोस्टवाल्याला कळतं महाराष्ट्र, गोवा नाहीतर मध्यप्रदेश, छत्तीसगड, मग पुढच्या आकड्यांनी जिल्हा आणि शेवटी तुमचं पोस्ट ऑफिस. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत तसंच आधी एक इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे, मग टिंब, मग अजून एक आकडा. ए आणि बी अक्षरं जंतूंच्या आजारांना. आर म्हणजे ज्यांचं कारण हाताला लागलेलं नाही अशी लक्षणं. आमच्या फ्लोअरवर आर कोडला कोणी शिवी म्हणत नाही पण चार्टमध्ये नुसता आर दिसला की लीड मान हलवते.

ही यादी मुळात जिवंत माणसांसाठी नव्हतीच. १८९३ मध्ये झाक बर्टिलाँ नावाच्या फ्रेंच आकडेशास्त्रज्ञाने मरणाच्या कारणांची यादी मांडली, म्हणजे पॅरिसमध्ये माणूस कशाने मेला आणि दुसऱ्या देशात कशाने मेला हे एकाच भाषेत मोजता यावं. (याचा भाऊ अल्फोन्स पॅरिसच्या पोलिसांत गुन्हेगारांची डोकी आणि कान मोजून ठेवायचा. मोजणं घराण्यातच होतं.) १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा नुसतं मरण नाही तर आजारपणसुद्धा त्यात आलं. दहावी १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण आपल्याकडे क्लेमच्या फॉर्मवर अजून आयसीडी १० असंच छापलेलं असतं. अमेरिकेने दहावीची स्वतःची फोडणी घातलेली आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला घेतली, माझी भाकरी त्या फोडणीवर चालते.

आता लेप्टोकडे. लेप्टोस्पायरा हा जंतू बारीक स्प्रिंगसारखा, इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही, काळ्या पार्श्वभूमीवर उजेड पाडून बघावं लागतं. त्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं, त्यामुळे तो दिसतो प्रश्नचिन्हासारखा, आणि म्हणूनच त्याच्या एका मुख्य जातीचं नाव इंटेरोगान्स, प्रश्न विचारणारा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मामाच्या कार्डचा फोटो परत उघडून बघितला.

तो उंदराच्या किडनीत राहतो. उंदराला काही होत नाही, तो आपला मजेत फिरतो आणि लघवीतून जंतू सोडत जातो. गाई, म्हशी, कुत्री, डुकरं यांच्याही लघवीतून येतो. पावसाचं पाणी साचलं, चिखल झाला की त्यात तो टिकून राहतो आणि आपल्या पायाची भेग, खरचटलेलं, डोळे, नाक, तोंड यातून आत. उंदीर चावावा लागत नाही हो. हा गैरसमज इतका पक्का आहे की मामा चार दिवस डॉक्टरांना सांगत होता माका उंदीर चावलोच नाय. पाण्यात गेल्यापासून ताप यायला दोन दिवसांपासून महिनाभरसुद्धा लागू शकतो, बऱ्याचदा एक-दोन आठवडे. त्यामुळे ताप येतो तेव्हा माणूस लावणी विसरलेला असतो आणि डॉक्टरने विचारलं नाही तर सांगतही नाही.

आयसीडी १० मध्ये ए२० ते ए२८ ही एक चाळच आहे, जनावरांकडून माणसाला होणाऱ्या बॅक्टेरियाच्या आजारांची. पहिल्या खोलीत प्लेग, ए२०. १८९६ मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी हाफकिनने इथेच लस केली, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात परत डोकं वर काढलं. ए२१ टुलरेमिया, सशांकडून येतो, आपल्याकडे नाव ऐकलेला माणूस सापडणं कठीण. ए२२ अँथ्रॅक्स, गुरांतली फाशी, माणसातली काळपुळी. ए२३ ब्रुसेलोसिस, गाभडणाऱ्या गाईम्हशी, कच्चं दूध आणि वासरू ओढून काढणारे व्हेटरनरी डॉक्टर यांची खोली. ए२४ मध्ये घोड्यांचा ग्लँडर्स आणि त्याच्यासोबत मेलिओइडोसिस, जो खरं तर मातीतून आणि पाण्यातून होतो, जनावराचा फारसा संबंध नाही, पण त्याचा जंतू ग्लँडर्सच्या जंतूचा जवळचा नातेवाईक म्हणून पाहुणा येऊन कायमचा राहिला. ए२५ उंदीर चावून येणारा ताप, म्हणजे बघा चावण्याला वेगळी खोली आहे. ए२६ मासे आणि मटण हाताळणाऱ्यांच्या हाताला होणारा एरिसिपेलॉइड. ए२७ आपला लेप्टो. आणि ए२८ मध्ये उरलेसुरले, त्यात मांजराने ओरबाडल्यावर येणारा तापसुद्धा, ए२८.१.

गंमत म्हणजे लेप्टोचा जंतू स्पायरोकीट आहे, स्प्रिंगवाल्या घराण्यातला, आणि त्या घराण्याच्या बाकीच्या लोकांची स्वतःची बिल्डिंग आहे. गोचिडीने पसरणारा लाइम डिसीज तिकडे, ए६९.२. सिफिलिस तर लैंगिक आजारांच्या गल्लीत. लेप्टो मात्र घराणं सोडून जनावरांच्या चाळीत. उलट जनावरांकडूनच येणारे कितीतरी आजार या चाळीत नाहीत. रेबीज व्हायरसचा म्हणून ए८२. स्क्रब टायफस ए७५.३. आणि सिंधुदुर्गातला माकडताप, दोडामार्ग-बांदा भागातला, तोही व्हायरसचा म्हणून एकदम लांब, ए९८.२. कोणाला वाटेल हे काय अव्यवस्थित, तर हो, आहे. ही यादी जीवशास्त्राच्या पुस्तकासारखी नाहीये, वाण्याच्या दुकानासारखी आहे. हळद मसाल्यात ठेवायची का पूजेच्या सामानात, ते वाण्याने एकदा ठरवलं की झालं, फक्त रोज त्याच बरणीत सापडली पाहिजे.

आता टिंबानंतरचा आकडा, माझ्या पोटापाण्याचा खरा विषय. ए२७ च्या आत आहेत तीन. ए२७.०, ए२७.८, ए२७.९. अमेरिकन आवृत्तीत आठचे आणखी दोन तुकडे केलेत, मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर ए२७.८१ आणि बाकीचे ए२७.८९.

यातला आठ आणि नऊ यांचा फरक शिकाऊ मुलांना समजावताना माझा घसा बसतो. आयसीडीत बहुतेक ठिकाणी आठ म्हणजे ‘इतर’ आणि नऊ म्हणजे ‘नमूद नाही’. ऐकायला सारखंच वाटतं. पण कॉलेजच्या ॲडमिशन फॉर्मवर मातृभाषेला मराठी, हिंदी, गुजराती, इतर असे पर्याय असतात ना. कोकणी बोलणारी मुलगी ‘इतर’वर टिक करते, तिला माहितीये तिची भाषा कुठली, फॉर्ममध्ये जागा नाहीये. आणि ज्याने तो रकाना कोराच सोडला त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. आठ म्हणजे डॉक्टरने नीट लिहिलंय पण यादीत वेगळी खोली नाही. नऊ म्हणजे डॉक्टरने नुसतं ‘लेप्टोस्पायरोसिस’ एवढंच लिहून सही केली. आठ हा यादीचा कमीपणा, नऊ हा कागदाचा. आणि कागद कमी पडतो तो बहुतेक वेळा डॉक्टरला येत नाही म्हणून नाही, ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात म्हणून.

ए२७.० ची गोष्ट जुनी आहे. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस इक्टेरोहेमोरॅजिका, इक्टेरो म्हणजे कावीळ, हेमोरॅजिका म्हणजे रक्तस्राव. १८८६ मध्ये हायडेलबर्गला अडॉल्फ वाइल नावाच्या डॉक्टरने ताप, कावीळ आणि किडनी बिघडणं असा एकत्र येणारा आजार मांडला, म्हणून त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. जंतू कुठला ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तो पहिल्या महायुद्धाच्या काळात सापडला, जपानमध्ये इनादा आणि इदो यांना, तिकडे कोळशाच्या खाणीत पाण्यात काम करणाऱ्या लोकांना हा आजार व्हायचा, आणि साधारण त्याच वेळी खंदकात कुजत पडलेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या जर्मन डॉक्टरांना. म्हणजे खाण, खंदक आणि शेत, सगळीकडे तेच, पाय पाण्यात आणि उंदीर शेजारी.

पण पुढे कळलं की रोग करणाऱ्या लेप्टोच्या उपजाती २५० च्या वर आहेत. कावीळ होणारा प्रत्येक लेप्टो त्या एकाच उपजातीचा नसतो आणि त्या उपजातीने दरवेळी कावीळ होतेच असंही नाही. तरी कोडचं नाव तेच राहिलं. आणि अंदमानचं उदाहरण घ्या, तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी ताप येऊन खोकल्यातून रक्त पडणारा एक आजार दिसायला लागला, लोकांनी त्याला अंदमान हेमोरॅजिक फीवर नाव दिलं, आणि पोर्ट ब्लेअरच्या आयसीएमआरच्या केंद्राने शोधलं तर तोही लेप्टोच निघाला, फुफ्फुसावर आलेला. पेशंट दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे हा फुफ्फुसातला रक्तस्राव. त्याला ए२७ मध्ये स्वतंत्र खोली नाहीच. १८८६ मधल्या कावीळवाल्याला खोली आहे, याला नाही. तो जातो आठमध्ये, आणि रक्तस्रावाचा कोड सोबत वेगळा जोडावा लागतो.

मग माझ्यासारखीने काय करायचं? चार्टमध्ये लेप्टो लिहिलंय, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन आठ आहे, किडनी बिघडल्याचं सांगणारं क्रिएटिनिन चार आहे, कोणीही म्हणेल हा वाइल्स, टाक ए२७.०. नाही टाकता येत. लॅबचा आकडा बघून कोडरने निदान करायचं नाही हा आमचा पहिला नियम, डॉक्टरने शब्दात लिहिलं पाहिजे. त्याने लिहिलं नाही तर मी त्याला क्वेरी पाठवणार आणि तो तिकडे त्याच्या सकाळी वैतागून उत्तर देणार. अमेरिकेत लेप्टो तसा कमीच बघायला मिळतो, मला आजवर आलेले चार्ट एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, तिकडे तो मुख्यतः हवाई आणि पोर्तो रिकोचा आजार, २०१७ मध्ये मरिया वादळानंतर पोर्तो रिकोत वाढला होता.

आणि आता ते प्रश्नचिन्ह. ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘लाइकली’ असं लिहिलेलं असेल तर काय धरायचं? अमेरिकेच्या नियमात याची उत्तरं दोन आहेत. पेशंट ॲडमिट होता आणि डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टर ‘सस्पेक्टेड लेप्टो’ म्हणतोय, तर तो लेप्टोच धरून कोड करायचा. पण तोच पेशंट ओपीडीत दाखवून घरी गेला असेल तर लेप्टो नाही लावायचा, नुसता ताप लावायचा. वाक्य तेच, माणूस तोच, खाटेवर झोपला की ए२७.९ आणि खुर्चीवर बसला की आर५०.९. कारण असं की ॲडमिट पेशंटवर खर्च त्या संशयाच्या हिशोबानेच झालेला असतो, आणि ओपीडीत संशय दुसऱ्या दिवशी बदलू शकतो. काही आजार याला अपवाद आहेत, एचआयव्ही आणि कोविड, तिथे नुसत्या संशयावर कोड चालत नाही. मला स्वतःला हा नियम पटतो. मामाचा चार्ट माझ्या स्क्रीनवर आला असता तर मी ‘? लेप्टो’वर डॉक्टरला एक ओळीची क्वेरी टाकली असती, हे सस्पेक्टेड धरायचं का, आणि हो आलं असतं तर ए२७.९. कुडाळला मात्र मी नव्हते, डेस्कवर बारावी झालेला एक मुलगा होता आणि त्याला प्रश्नचिन्ह दिसलं, त्याने जे ठाम लिहिलं होतं तेवढंच घेतलं. त्याच्या जागी मी असते आणि मला कोणी शिकवलं नसतं तर मीही तेच केलं असतं.

बरं, डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढलं का नाही? कारण लेप्टोची टेस्ट वेळेवर हात देत नाही. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो तेव्हा पीसीआरने सापडतो, पण ती सोय तालुक्याच्या गावी कुठे. अँटिबॉडी, आयजीएम, बनायलाच पाच-सात दिवस जातात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी काढलेला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याला अर्थ नाही. मामाचा तसाच निगेटिव्ह आला होता. आणि सगळ्यात पक्की मानलेली टेस्ट म्हणजे मॅट, त्यात जिवंत लेप्टोच्या वेगवेगळ्या उपजाती ठेवून पेशंटचं रक्त कोणाला गोळा करतं ते मायक्रोस्कोपखाली बघतात. तिच्यासाठी रक्त दोनदा लागतं, एक आजारात आणि दुसरं साधारण दोन आठवड्यांनी, दुसऱ्यात पातळी चौपट किंवा जास्त वाढली तर नक्की. तोपर्यंत पेशंट एकतर बरा होऊन घरी असतो, नाहीतर नसतोच.

म्हणून डॉक्टर मार्क देतात. फाइन्स क्रायटेरिया नावाची पद्धत आहे, लक्षणांना मार्क, संपर्काला मार्क, टेस्टला मार्क. भारतात त्यात सुधारणा झाली आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या सुधारलेल्या पद्धतीत पावसाला पाच मार्क आहेत. पेशंटला काय होतंय याच्यासोबत बाहेर पाऊस पडतोय का हेही निदानात धरलं जातं. घाण पाण्याशी संपर्काला चार, जनावराशी संपर्काला एक. मामाचा नुसता पत्ता आणि महिना लिहिला तरी दहापैकी दहा.

कोड म्हणजे फक्त क्लेमची भानगड असती तर मी एवढं लिहिलं नसतं, क्लेम डॉक्टरच्या पत्राने सुटतो, मामाचाही सुटला, दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि पैसे आले. त्रास होतो तो मोजणीत. माणूस दगावला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट भरतात, हॉस्पिटलमधल्यासाठी फॉर्म ४. त्यात वरच्या ओळीत लगेचचं कारण, खाली ते कशामुळे झालं, त्याच्याही खाली ते कशामुळे. देशाच्या आकडेवारीत जातं ते साखळीचं मूळ. म्हणजे वर ‘फुफ्फुसात रक्तस्राव’ आणि खाली ‘लेप्टोस्पायरोसिस’ असं लिहिलं तर तो मृत्यू ए२७ मध्ये मोजला जाणार. पण कित्येकदा तिथे एकच ओळ असते, कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट. हृदय आणि श्वास बंद पडला. अहो, तो सगळ्यांचाच पडतो. फॉर्मवर छापलेलं असतं की मरण्याची पद्धत लिहू नका, कारण लिहा, तरी लिहितात. आमच्या धंद्यात अशांना कचरा कोड म्हणतात, आणि असा एक कागद गेला की एक लेप्टो हिशोबातून गायब.

जिवंत पेशंटची मोजणी वेगळ्या वाटेने होते. सरकारच्या रोग सर्वेक्षणात एस, पी आणि एल असे तीन फॉर्म. गावची आरोग्यसेविका एसमध्ये ताप मोजते, डॉक्टर पीमध्ये संशयित निदान लिहितात, लॅब एलमध्ये पक्कं झालेलं. बघा, इथे प्रश्नचिन्हाला चक्क स्वतःचा फॉर्म आहे. डॉक्टरचा संशय इथे फुकट जात नाही. दवाखान्यातून तो फॉर्म गेला तर, हे आलंच.

याच मोजणीवर पुढचं ठरतं. कुठल्या तालुक्यात लावणीच्या आधी डॉक्सिसायक्लिन, म्हणजे लेप्टोची प्रतिबंधक गोळी, पोचवायचं, कुठल्या वॉर्डात उंदीर मारायची माणसं वाढवायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, अर्धी मुंबई कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोची साथ आली. आता दर पावसाळ्यात बीएमसी सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरला दाखवा आणि प्रतिबंधक गोळी लागते का विचारा. हे डॉक्टरला विचारूनच, गरोदर बायका आणि लहान मुलांना ती गोळी तशीच चालत नाही.

अकराव्या आवृत्तीत लेप्टोचा नंबर १बी९१ झालाय. पहिला आकडा १ म्हणजे जंतूंचा विभाग, दुसरं नेहमी अक्षर, म्हणजे कोड बघूनच कळावं की हा जुना नाही नवा. ओ आणि आय ही अक्षरं वापरलीच नाहीत कारण ती शून्य आणि एकसारखी दिसतात, हे ज्याला सुचलं त्याचे पाय धरावेत असं मला रात्रीच्या शिफ्टला खूपदा वाटलंय. आणि चाळीतल्या खोल्यांचे नंबरही हलले, प्लेग १बी९३, ब्रुसेलोसिस १बी९५, अँथ्रॅक्स १बी९७. सगळ्यात मोठी सोय म्हणजे कोड एकमेकांना जोडता येतात, रेल्वेच्या डब्यांसारखे. आजाराचा एक, त्याला तिरकी रेघ देऊन गुंतागुंतीचा दुसरा, जंतू कुठला ते सांगणारा अजून एक. म्हणजे ‘लेप्टो, सोबत किडनी गेलेली’ हे एका साखळीत. अर्थात साखळी जोडायला सुद्धा कोणीतरी आधी कागदावर लिहिलेलं लागतंच.

घरच्यांसाठी एवढंच सांगते. डिस्चार्ज घेताना बिलाकडे बघता तसं निदानाच्या ओळीकडे बघा. प्रश्नचिन्ह दिसलं तर डॉक्टरांना विचारा की याला ‘सस्पेक्टेड’ किंवा ‘प्रॉबेबल लेप्टोस्पायरोसिस’ असं शब्दात लिहाल का, त्यांना तसं वाटत असेल तरच, आपल्या क्लेमसाठी आजार लिहून मागायचा नाही. किडनीवर परिणाम झाला, कावीळ झाली, तर तेही त्याच ओळीत येऊ दे. क्लेमच्या फॉर्मचा जो भाग हॉस्पिटल भरतं त्यात मुख्य निदान, जोडनिदान आणि आधीचे आजार असे आयसीडीचे वेगळे रकाने असतात, ते भरलेत का बघा. आणि शेतात, पाण्यात, गोठ्यात होता हे डॉक्टरने विचारायची वाट न बघता सांगा.

आणि दुसरं रक्त. मामाला डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलं होतं, नमुना जिल्ह्याला पाठवू म्हणाले होते. मी इकडून तीन वेळा फोन केला की जा, दिलंस का, तेवढं दिलंस तर प्रश्नचिन्ह जाईल. तिसऱ्यांदा मामाने फोन उचलला तेव्हा मागून पॉवर टिलरचा आवाज येत होता.

“आता बरो झालंय मां, मगे परत रगात कशाक?”